पेटीतल्या अवयवालाही श्वास हवा

(युवा अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



दोस्तहो, अवयवदानाचा विषय निघाला की आपल्याकडे साधारण दोन प्रश्नांवर चर्चा होते. हे जायज आहे का, हा पहिला. आणि फॉर्म कुठे भरायचा, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि पहिल्याकडे मी शेवटी येणारच आहे. पण या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दात्याच्या शरीरातून किडनी किंवा लिव्हर बाहेर काढलं, तिथपासून ते दुसऱ्याच्या शरीरात जोडलं जाईपर्यंत मधल्या काही तासांत त्या अवयवाचं काय होतं? तो कशावर जगतो? आणि तो जगला नाही तर कुणाचं काय जातं?

आज मी या मधल्या तासांबद्दल बोलणार आहे. थोडं विज्ञान आहे, पण बारावीपर्यंत जे शिकलात त्यापलीकडचं काही लागणार नाही.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. अपघात झालेला असतो, घरात रडारड चालू असते, आणि त्या अवस्थेत डॉक्टर येऊन नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारतात. मन घट्ट करून एखादी आई, एखादा भाऊ ‘हो’ म्हणतो. आणि एवढं होऊनही कधी कधी तो अवयव वापरता येत नाही. लिव्हर चरबीचं असतं, दाता वयस्कर असतो, किडनीला रक्त न मिळता फार वेळ गेलेला असतो. सर्जन म्हणतात, हा धोका घेता येणार नाही. अवयव बाजूला ठेवला जातो. यादीतला रुग्ण पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसतो. जगभरात असे अवयव दरवर्षी हजारोंनी वाया जातात. दानाचा तुटवडा आहे हे खरंच आहे, पण मिळालेलं दान सांभाळण्याचाही तुटवडा आहे. अमानत आपल्या हाती आली, ती नीट पोहोचवायला नको का?

बर्फाची पेटी

१९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. ते जुळ्या भावांमध्ये होतं. एक भाऊ दाता, दुसरा रुग्ण, दोघे एकाच इस्पितळात. त्यामुळे अवयव साठवून ठेवण्याचा प्रश्नच फारसा आला नाही. पुढे मृत दात्यांचे अवयव वापरायला सुरुवात झाली तेव्हा दाता एका गावात आणि रुग्ण दुसऱ्या गावात असं होऊ लागलं, आणि अवयव टिकवायचा कसा हा प्रश्न उभा राहिला.

सरळ उपाय म्हणजे थंड करणं. आपण मटण फ्रीजमध्ये ठेवतो त्याच तत्त्वावर, फरक एवढाच की इथे पेशी जिवंत ठेवायच्या असतात. शरीराचं तापमान ३७ अंश. ते दर १० अंशांनी खाली आलं की पेशींचं कामकाज साधारण निम्मं होतं. ४ अंशांवर ते जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतं. पेशी झोपेत जाते म्हणा ना. पण नुसतं थंड केलं तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. म्हणून अवयवात एक खास द्रावण भरतात. १९६९ मध्ये जेफ्री कॉलिन्स यांनी किडनीसाठी असं द्रावण तयार केलं. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोकर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी त्याहून चांगलं द्रावण बनवलं. ते आजही जगभर वापरलं जातं. द्रावण भरायचं, पिशवीत घालायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि धावायचं.

धावायचं हा शब्द मी मुद्दाम वापरला. या पद्धतीत हृदयाला साधारण ४ तास मिळतात. लिव्हरला ८ ते १२. किडनी जरा चिवट, ती एक दिवसाच्या पुढेही तग धरते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘ग्रीन कॉरिडॉर’च्या बातम्या येतात. पोलिस रस्ता मोकळा करतात, अँब्युलन्स सुसाट जाते. ती सगळी धावपळ या घड्याळासाठी असते.

बर्फाची पेटी स्वस्त आहे, साधी आहे आणि तिने लाखो लोकांना वाचवलं आहे. तिला कमी लेखायचं कारण नाही. पण तिच्यात एक उणीव आहे. कामकाज दहाव्या हिश्श्यावर आलं म्हणजे शून्यावर आलं असं नाही. तेवढ्या कामालाही ऑक्सिजन लागतो, आणि पेटीत तो नाही. अवयव झोपलेला आहे, पण हळूहळू गुदमरतो आहे.

गुदमरणं म्हणजे नेमकं काय

पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. शाळेत आपण त्यांना पेशीचं ऊर्जाघर म्हणायचो. ऑक्सिजन वापरून ते एटीपी तयार करतात, म्हणजे पेशीचं चलन. ऑक्सिजन थांबला की नवं चलन येत नाही आणि साठवलेलं संपत जातं. त्याच वेळी सक्सिनेट नावाचं एक रसायन साचत जातं. कारखाना बंद, पण कच्चा माल दारात येऊन पडतोय, असा प्रकार.

गंमत अशी की मोठं नुकसान या उपासमारीच्या काळात होतच नाही. ते होतं नंतर, म्हणजे अवयव जोडून क्लॅम्प सोडल्यावर, गरम आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त एकदम आत शिरतं तेव्हा. साचलेलं सक्सिनेट क्षणात जळायला लागतं, मायटोकॉन्ड्रियातला प्रवाह उलटा फिरतो आणि त्यातून अतिशय तिखट असे ऑक्सिजनचे रेणू बाहेर पडतात. ते पेशींची आवरणं जाळतात, सूज आणतात. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हे सक्सिनेटचं गणित उलगडून दाखवलं.

तुम्हाला हे समजायला सोपं जाईल. दिवसभराचा रोजा आहे, उन्हाळ्याचे दिवस आहेत. मगरिबची अजान झाली. शहाणा माणूस काय करतो? खजूर घेतो, पाणी पितो, नमाज पढतो, मग जेवायला बसतो. अजान होताच थेट बिर्याणीच्या ताटावर तुटून पडलात तर पोटाची काय गत होते हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अवयवाचंही तेच आहे. उपाशी अवयवाला एकदम गरम रक्ताचं ताट देऊ नका, आधी खजूर-पाणी द्या. उपमा आहे, तिला फार ताणू नका; रोजाने माणूस मरत नाही, ऑक्सिजन तुटला तर पेशी मरते. पण क्रम तोच.

हे खजूर-पाणी म्हणजे थंड, ऑक्सिजन मिसळलेलं द्रावण.

थंडीतला ऑक्सिजन

अवयवात यंत्राने द्रव खेळवायची कल्पना जुनी आहे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल आणि चार्ल्स लिंडबर्ग यांनी काचेचा एक पंप बनवला होता. लिंडबर्ग म्हणजे तेच वैमानिक, १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारे. १९६७ मध्ये बेल्झर यांनी यंत्रावर १७ तास ठेवलेल्या किडनीचं माणसात प्रत्यारोपणही केलं. पण तेव्हाची यंत्रं अवजड होती. द्रावणं सुधारली तशी बर्फाची पेटी सोयीची वाटू लागली आणि यंत्रं मागे पडली.

ती परत आली कारण दाते बदलले. तरुण, धडधाकट दाते पुरेनात. वयस्कर दाते, आणि हृदय थांबल्यावर ज्यांचे अवयव घेतले जातात असे दाते, यांच्याकडे वळावं लागलं. दुसऱ्या प्रकारात हृदय थांबल्यापासून अवयव थंड होईपर्यंत तो उबदार अवस्थेत ऑक्सिजनविना राहतो. असे अवयव बर्फाची पेटी नीट सोसत नाहीत.

आता एक साधा प्रश्न. ऑक्सिजन द्यायचा तर रक्त लागेल ना? नेहमी लागत नाही. सोड्याची बाटली फ्रीजमधून काढून उघडा आणि उन्हात ठेवलेली उघडा. गार बाटलीत वायू टिकून राहतो, गरम बाटली फसफसून सगळा सोडून देते. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो. ४ अंशांच्या पाण्यात ३७ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट ऑक्सिजन मावतो. आणि अवयवाची गरज दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. पुरवठा वाढला, मागणी घटली. म्हणून थंडीत रक्ताशिवाय, नुसत्या द्रावणात शुद्ध ऑक्सिजन मिसळून काम भागतं.

याचा एक चांगला प्रयोग किडनीवर झाला. ब्रिटन, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये ५० वर्षं किंवा त्याहून मोठे, हृदय थांबल्यानंतर अवयव दिलेले दाते निवडले. प्रत्येकाच्या दोन किडन्या. दोन्ही थंड पंपावर ठेवल्या, पण एकीच्या द्रावणात ऑक्सिजन सोडला, दुसरीच्या नाही. दाता एकच, त्यामुळे वय, आजार, खाणंपिणं सगळं सारखं. फरक फक्त ऑक्सिजनचा. अशा १०६ जोड्यांचा हिशेब २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ऑक्सिजनवाल्या किडन्यांपैकी वर्षभरात ३ टक्के निकामी झाल्या, बिनऑक्सिजनवाल्या १० टक्के. शरीराने किडनी नाकारण्याचं प्रमाणही पहिल्या गटात १४ टक्के आणि दुसऱ्यात २६ टक्के होतं. इमानदारीने हेही सांगायला हवं की ज्या किडन्या चालल्या त्यांच्या कामगिरीची सरासरी, जी या प्रयोगाची मुख्य कसोटी होती, तिच्यात ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. विज्ञानाची बातमी वाचताना ही दुसरी बाजू नेहमी शोधत जा.

लिव्हरमध्ये चित्र जास्त स्पष्ट आहे. तिथली दुखरी जागा म्हणजे पित्तनलिका. लिव्हर जोडलं जातं, चालतंही, पण ऑक्सिजनअभावी जखमी झालेल्या पित्ताच्या नळ्या काही महिन्यांनी आकसतात. मग कावीळ, ताप, वारंवार दवाखाना, आणि काहींना पुन्हा दुसरं लिव्हर लागतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रॉबर्ट पोर्ट यांच्या गटाने एक पद्धत तपासली. लिव्हर नेहमीसारखं बर्फात आणायचं. पण जोडण्याआधी निदान २ तास, साधारण १० अंशांवर, त्याच्या दोन्ही रक्तवाहिन्यांतून ऑक्सिजनयुक्त द्रावण फिरवायचं. सक्सिनेट हळूहळू, थंडीतच खर्च होतं. एटीपी भरून निघतं. मग रक्त सोडायचं. २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. बर्फातून थेट जोडलेल्या लिव्हरमध्ये नळ्या आकसून त्रास होण्याचं प्रमाण १८ टक्के होतं. २ तास ऑक्सिजन मिळालेल्यांत ते ६ टक्क्यांवर आलं. तीन रुग्णांना व्हायचा तो त्रास एकाला झाला. त्यासाठी जादा वेळ लागला फक्त २ तास.

उबेतला ऑक्सिजन

दुसरा रस्ता अगदी उलटा. अवयवाला झोपवायचंच नाही. त्याला ३७ अंशांवरच ठेवायचं, रक्त द्यायचं, ऑक्सिजन द्यायचा, साखर द्यायची. आता गरज पूर्ण आहे आणि पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून इथे हिमोग्लोबिन, म्हणजे लाल पेशी लागतातच.

ऑक्सफर्डचे पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टँटिन कुसिओस यांनी लिव्हरसाठी असं यंत्र तयार केलं. २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यावर ठेवलेलं लिव्हर पहिल्यांदा रुग्णाला जोडलं गेलं. पेटीत ठेवलेलं लिव्हर पित्त तयार करत असतं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहू शकता. इथे मोठा फायदा असा की जोडण्याआधी परीक्षा घेता येते. बर्फातलं लिव्हर कसं आहे हे सर्जन रंगरूप बघून, अनुभवाने ठरवतात. उबेतलं लिव्हर काम करून दाखवतं. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत यंत्रावरची लिव्हर बर्फातल्यांपेक्षा सरासरी निम्म्याहून जास्त वेळ अधिक ठेवली गेली, तरी त्यांची इजा निम्मी होती आणि नाकारून बाजूला ठेवण्याचं प्रमाणही निम्मं झालं. रुग्ण जगण्याच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही.

फुप्फुसात टोरंटोच्या शाफ केशवजी यांच्या गटाने असंच काम केलं. शंका वाटणारी फुप्फुसं यंत्रावर ४ तास श्वास घेत ठेवली आणि त्यांतल्या २३ पैकी २० वापरता आली. हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्याचं हृदय काही अंतरावरून यंत्रावर आणून जोडण्याचं काम २०१४ मध्ये सिडनीत झालं. झुरिकमध्ये तर इतर केंद्रांनी नाकारलेलं एक लिव्हर यंत्रावर ३ दिवस ठेवून, त्यावर औषधोपचार करून, २०२१ मध्ये एका रुग्णाला जोडलं. तो रुग्ण वर्षानंतरही चांगला होता. म्हणजे अवयवाचाच दवाखाना!

पण प्रत्येक ठिकाणी ऊब जिंकते असंही नाही. ब्रिटनमध्ये ३३८ किडन्यांवर चाचणी झाली. निम्म्या किडन्यांना बर्फातून काढून जोडण्याआधी तासभर उबदार रक्त दिलं. किडनी सुरू व्हायला उशीर लागण्याचं प्रमाण एका गटात सुमारे ६१ टक्के, दुसऱ्यात ५८. फायदा नाही. म्हणून कोणता अवयव, कोणता दाता, किती वेळ, हे बघूनच ठरवावं लागतं.

समुद्रकाठचा किडा

आता एक वेगळा उपाय, यंत्राशिवायचा. युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावर, ओल्या रेतीत एक किडा राहतो, अरेनिकोला मरिना. भरतीच्या वेळी तो पाण्यातून ऑक्सिजन घेतो. ओहोटी लागली की ६ तास पाणी नाही. तो तेवढा वेळ साठवलेल्या ऑक्सिजनवर काढतो. आपल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू धरतो. या किड्याचा एक मोठा रेणू १५६ धरू शकतो. शिवाय तो लाल पेशीत कोंडलेला नसतो, रक्तात मोकळा असतो, त्यामुळे रक्तगटाची भानगड नाही.

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात फ्रांक झाल या शास्त्रज्ञाने त्यावर काम केलं. हा रेणू बर्फाच्या पेटीतल्या नेहमीच्या द्रावणात फक्त मिसळायचा, तो हळूहळू ऑक्सिजन सोडत राहतो. फ्रान्समध्ये ६० किडन्यांवर पहिली चाचणी झाली. मुख्य हेतू तो सुरक्षित आहे का हे पाहण्याचा होता, आणि तो सुरक्षित आढळला. त्याच दात्याच्या, हे न मिसळलेल्या दुसऱ्या किडनीच्या तुलनेत काम सुरू व्हायला उशीरही कमी लागलेला दिसला. चाचणी छोटी होती, पण दिशा आपल्यासारख्या देशांसाठी महत्त्वाची आहे. कारण उबदार यंत्रावर एका अवयवामागे बदलावं लागणारं साहित्यच परदेशात काही हजार पौंडांचं असतं. आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या खर्चासाठी लोक सोशल मीडियावर मदतीची हाक देतात. त्यांच्या बिलात हे आणखी लाखो रुपये कोण भरणार? थंड ऑक्सिजन तुलनेने साधा आहे: पंप, थंडावा, ऑक्सिजनची छोटी बाटली. माझ्या मते सरकारी इस्पितळांनी सुरुवात तिथून करावी.

आपल्या घरातले प्रश्न

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. फक्त नोंदी सांगतो. सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमांच्या मंडळाने १९८२ मध्ये अवयव प्रत्यारोपणाला मान्यता दिली. ओआयसीच्या इस्लामिक फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला ठरवलं की तज्ज्ञ डॉक्टरांनी मेंदूचं सगळं कार्य कायमचं थांबल्याचं सांगितलं तर तो मृत्यू मानावा. १९८८ मध्ये जेद्दाहला तिने अटींसह मरणोत्तर दानही मान्य केलं. आपल्याकडे दिल्लीच्या इस्लामिक फिकह अकादमीने १९८९ मध्ये जिवंत माणसाने नातेवाइकाला किडनी देणं मान्य केलं, पण मरणोत्तर दानाची वसीयत मान्य केली नाही. म्हणजे उलेमांमध्ये मतभेद आहेत. ते लपवून कुणाचं भलं होणार नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमाकडे जा, विचारा. पण जाताना माहिती बरोबर घेऊन जा. चुकीच्या माहितीवर विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर कसं मिळणार?

त्यातले तीन प्रश्न मी आज ऐकलेल्या गोष्टींशी जोडून सांगतो.

पहिला. लिव्हर पेटीत पित्त तयार करतंय, हृदय पेटीत धडधडतंय, मग माणूस मेला कसा? असं विचारणाऱ्याला हसू नका, प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की अवयव जिवंत असणं आणि माणूस जिवंत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्सिजन, ऊब आणि साखर मिळाली की लिव्हरच्या पेशी काम करतात, मग त्या शरीरात असोत की पेटीत. मेंदूचं कार्य कायमचं थांबलेल्या माणसाचं हृदय व्हेंटिलेटरवर धडधडत राहतं, तेही याच कारणाने. व्हेंटिलेटर त्याच्या अवयवांना ऑक्सिजन पुरवतो, तो माणूस परत आणत नाही. १९९४ च्या आपल्या कायद्यात ब्रेन डेथ ठरवायला डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासण्या अंतर ठेवून दोनदा कराव्या लागतात, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. हे घरच्यांना माहीत असायला हवं.

दुसरा, दफनाचा. मय्यतीला उशीर होईल का? अवयव काढण्याची शस्त्रक्रिया काही तासांची असते. त्यानंतर देह नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात, गुस्ल आणि कफन होऊ शकतं. अपघाताची केस असेल तर पोस्टमार्टेम दान केलं नाही तरी होतंच. थांबतो तो अवयव, पेटीत. मय्यत त्याच्यासाठी थांबत नाही.

तिसरा, कुणी दबक्या आवाजात विचारतो. या सगळ्यात हेपरिन वापरतात, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आणि जगातलं बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. हे खरं आहे. तेच औषध डायलिसिसलाही सर्रास वापरतात, आणि आपल्याच वस्तीतले किती लोक आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात! जीव वाचवायच्या जरुरतीचा उसूल फिकहमध्ये जुना आहे. आलिमाला विचारायचं तर हेही मोकळेपणाने विचारा.

आपण काय करायचं

दोस्तहो, आपल्या देशात बहुतेक प्रत्यारोपणं आजही जिवंत दात्यांच्या अवयवांवर होतात. आणि ते दाते बहुतांश बायका असतात. आई, बायको, बहीण. मृत दात्यांचं प्रमाण वाढलं आणि मिळालेला अवयव वाया जाणं थांबलं, तर घरातल्या बाईवरचा हा बोजा कमी होईल. ऑक्सिजनच्या बाटलीचा आणि आपल्या अम्मीच्या ऑपरेशनचा संबंध इतका सरळ आहे.

करण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो. एक, तुमच्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी सगळ्यांनी नीटच्याच रांगेत उभं राहायला हवं असं नाही. पर्फ्युजन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत इस्पितळात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर नेमावाच लागतो. घरच्यांशी दुःखाच्या क्षणी बोलणारा तो माणूस त्यांची बोली, त्यांचा मजहब, त्यांचे रिवाज जाणणारा असेल, तर फार फरक पडतो.

दोन, आपला निर्णय काहीही असो, दान करायचं की नाही, तो घरी सांगून ठेवा. फॉर्मवर सही असली तरी शेवटी विचारतात घरच्यांनाच. त्या वेळी त्यांना अंदाज बांधायला लावू नका.

तीन, जिथून सुरुवात सोपी आहे तिथून करा. कराचीचे अब्दुल सत्तार ईधी २०१६ मध्ये गेले. सगळे अवयव द्यावेत अशी त्यांची इच्छा होती, पण आजारपणामुळे फक्त डोळे वापरता आले. त्यांच्या बुबुळांचे पडदे दोन अंधांना बसवले. आज आपण इतकं ऑक्सिजनबद्दल बोललो, तर हेही ऐका. डोळ्याच्या त्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो. म्हणून त्याला ना व्हेंटिलेटर लागतो, ना पंप, ना ग्रीन कॉरिडॉर. घरी, म्हातारपणाने आलेल्या मृत्यूनंतरही, साधारण ६ तासांच्या आत नेत्रपेढीला फोन केला तर ते घरी येऊन काम उरकतात. फार तर अर्धा तास. चेहरा विद्रूप होत नाही, जनाजा ठरल्या वेळी निघतो.

उलेमांशी बोला, डॉक्टरांशी बोला, आपापसांत बोला. वाद झाला तरी चालेल. पण बोलाल ते माहिती घेऊन बोला.